पेटीतील कार्यशाळा

दिल्लीच्या दक्षिण भागात तुघलकाबाद येथे भारतीय कंटेनर निगमाचे एक विस्तीर्ण आगार आहे. समुद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर असला, तरी व्यापारी जगात या आगाराची गणना बंदरांमध्ये होते. अशा ठिकाणाला ‘कोरडे बंदर’ असे म्हणतात. रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथे जहाजातून उतरविलेली पोलादी पेटी मालगाडीच्या वाघिणीवर चढविली जाते, सुमारे चौदाशे किलोमीटरांचा प्रवास करते आणि तुघलकाबादला पोहोचेपर्यंत तिचे सील तसेच राहते. सीमाशुल्क अधिकाऱ्यांची तपासणी येथेच होते. वाटेतील क्रेनचालकाला किंवा गार्डाला पेटीत काय आहे हे माहीत असण्याचे कारण नसते. पेटीची लांबी, रुंदी आणि तिच्या आठ कोपऱ्यांवरील पोलादी खोबणी ठरलेल्या मापाच्या आहेत, एवढे त्यांना पुरते.

याच राजधानी क्षेत्रात, नोएडा आणि गुरुग्राम येथील कार्यालयांत आणि विद्यार्थ्यांच्या खोल्यांत, आणखी एका प्रकारच्या पेट्या रोज भरल्या आणि उघडल्या जातात. त्यांना वजन नाही आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांनाही ‘कंटेनर’ असेच नाव आहे, आणि ते नाव मालवाहतुकीच्या पेटीवरूनच घेतले गेले. संकेतस्थळे तयार करणाऱ्यांना या पेटीची गरज का भासली, ती आपल्या संगणकावर कशी मांडावयाची आणि तिच्याकडून कोणती अपेक्षा ठेवू नये, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

एका संकेतस्थळाचा परिसर

समजा, दिल्लीतील एका ग्रंथालयाला आपल्या पुस्तकांची सूची संकेतस्थळावर द्यावयाची आहे. ग्रंथालयात मराठी, हिंदी आणि इंग्रजी पुस्तके आहेत. वाचक आपल्या दूरध्वनीवर पुस्तकाचे नाव लिहितो आणि क्षणभरात उत्तर मिळते. या एका क्षणात निदान चार गोष्टी काम करतात. वाचकाची विनंती स्वीकारणारा ‘वेब सर्व्हर’ ही पहिली. त्या विनंतीचा अर्थ लावणारी आज्ञावली ही दुसरी. ती पीएचपी, पायथॉन यांसारख्या एखाद्या संगणकीय भाषेत लिहिलेली असते. पुस्तकांच्या नोंदी सांभाळणारा ‘डेटाबेस’ ही तिसरी, आणि या सर्वांना आधार देणारी ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ ही चौथी. चौघींच्याही वेगवेगळ्या आवृत्त्या प्रचारात असतात.

ग्रंथालयाचे हे काम दोन व्यक्ती करीत आहेत असे मानू. एकीच्या संगणकावर विंडोज आहे, दुसरीच्या संगणकावर मॅकओएस. संकेतस्थळ अखेर ज्या सर्व्हरवर राहणार आहे तेथे लिनक्स आहे. पहिल्या व्यक्तीने ग्रंथालयाचे बोधचिन्ह ठेवलेल्या फाइलच्या नावातील पहिले अक्षर मोठ्या लिपीत लिहिले आणि आज्ञावलीत मात्र तेच नाव लहान अक्षराने लिहिले. विंडोज व मॅकओएस सर्वसाधारणपणे हा भेद मानीत नाहीत, म्हणून दोघांनाही चित्र दिसते. लिनक्स तो भेद मानते. त्यामुळे सर्व्हरवर चित्राची जागा रिकामी राहते.

हा दोष निदान डोळ्यांना दिसतो. काही दोष याहून गूढ असतात. पीएचपी या भाषेच्या आठव्या आवृत्तीत, म्हणजे २०२० मध्ये, शून्य हा अंक आणि अक्षरांचा एखादा शब्द यांची तुलना करण्याचा नियम बदलण्यात आला. सैल तुलनेत पूर्वी ही दोन्ही समान मानली जात. आता ती भिन्न मानली जातात. जुन्या आवृत्तीवर तपासलेली आज्ञावली नव्या आवृत्तीवर कोणतीही तक्रार न करता निराळे उत्तर देऊ शकते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने तिसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. मायएसक्यूएल या सुप्रसिद्ध डेटाबेसच्या ५.७ या आवृत्तीपर्यंत अक्षरे साठविण्याची मूळ व्यवस्था पश्चिम युरोपीय लिपीची होती. वेगळी सूचना दिली नाही, तर देवनागरीतील पुस्तकाचे नाव स्वीकारले जात नसे किंवा त्याच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटे. २०१८ मध्ये आलेल्या ८.० या आवृत्तीपासून जगातील बहुतेक सर्व लिप्या सामावणारी व्यवस्था मूळचीच झाली. एका व्यक्तीकडे नवी आवृत्ती आणि सर्व्हरवर जुनी असेल, तर महिनाभर व्यवस्थित चाललेली मराठी सूची उद्घाटनाच्या दिवशी प्रश्नचिन्हांनी भरून जाण्याचा धोका असतो.

अशा वेळी ‘माझ्याकडे तर नीट चालते’ हे उत्तर हमखास ऐकू येते. ते खोटे नसते. त्या व्यक्तीच्या संगणकावर ते खरोखरच चालत असते. परंतु तिच्या संगणकावर कोणत्या गोष्टी, कोणत्या आवृत्तीच्या आणि कोणत्या क्रमाने बसविल्या गेल्या, याची पूर्ण नोंद कोणाकडेच नसते. बहुधा ती स्वतः त्या व्यक्तीकडेही नसते.

दिल्लीतील एक पूर्वप्रयोग

संकेतस्थळ एका पेटीत बांधून दुसऱ्याच्या हाती द्यावे, ही कल्पना दिल्लीला अपरिचित नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र ही १९७६ मध्ये स्थापन झालेली शासकीय संस्था. तिचे मुख्यालय लोधी मार्गावरील केंद्रीय कार्यालय संकुलात आहे. २०११ मध्ये भारत आणि अमेरिका या दोन देशांनी शासकीय माहिती जनतेला खुली करून देणारी एक सामाईक आज्ञावली तयार करण्याचे ठरविले. भारताच्या बाजूने हे काम या केंद्राकडे होते. आरंभी या योजनेचा उल्लेख ‘पेटीतील डेटा संकेतस्थळ’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने होत असे. कोणत्याही देशाने ही पेटी घ्यावी आणि आपले संकेतस्थळ उभारावे, असा तीमागचा हेतू होता. पुढे तिला ‘मुक्त शासन मंच’ अशा अर्थाचे नाव मिळाले. ती ड्रुपल या मुक्त प्रणालीवर उभारलेली होती, आणि २०१२ मध्ये भारताचे खुल्या माहितीचे संकेतस्थळ याच पायावर सुरू झाले.

या योजनेत ‘पेटी’ हा शब्द होता, परंतु आज ज्याला कंटेनर म्हणतात तो तोपर्यंत सर्वसामान्य कारागिराच्या हाती आलेला नव्हता. ड्रुपलवर आधारलेली आज्ञावली घेणाऱ्याला वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस ही सामग्री स्वतः जमवून, योग्य त्या आवृत्तीची बसवावी लागे. पेटीत माल होता. मालाभोवतीचा परिसर प्रत्येकाने आपापल्या अंगणात उभारावयाचा होता. कंटेनरने जी उणीव भरून काढली ती नेमकी हीच.

बंगला आणि सदनिका

परिसरासह आज्ञावली हलविण्याचा एक मार्ग त्याआधीही उपलब्ध होता. एका संगणकाच्या पोटात दुसरा संपूर्ण संगणक असल्याचा आभास निर्माण करावयाचा, त्यात स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम बसवावयाची आणि सारे काम तेथे करावयाचे. याला ‘आभासी यंत्र’ म्हणतात. मार्ग खात्रीचा, पण खर्चाचा. प्रत्येक आभासी यंत्राला स्मरणशक्तीचा स्वतंत्र वाटा द्यावा लागतो आणि ते सुरू होण्यास वेळ लागतो.

द्वारका किंवा नोएडा येथील गृहसंस्थेचे उदाहरण घेतल्यास हा फरक स्पष्ट होईल. आभासी यंत्र हा स्वतंत्र बंगला आहे. त्याचा पाया, पाण्याची टाकी आणि वीजजोडणी ही सारी त्याची स्वतःची. कंटेनर ही सदनिका आहे. पाया आणि टाकी सर्वांना सामाईक, परंतु दार बंद केल्यावर प्रत्येक कुटुंबाचा संसार निराळा. संगणकातील हा सामाईक पाया म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा; त्याला ‘कर्नेल’ म्हणतात.

सदनिकेच्या भिंती एका दिवसात उभ्या राहिल्या नाहीत. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, एखाद्या आज्ञावलीला फाइलींच्या भांडाराचा एकच कोपरा म्हणजे सारे जग आहे असे भासविण्याची सोय आली. २००२ पासून लिनक्सच्या कर्नेलमध्ये ‘नेमस्पेस’ नावाची व्यवस्था टप्प्याटप्प्याने येत गेली. तिच्यामुळे एका गटातील आज्ञावलींना दुसऱ्या गटातील आज्ञावली दिसत नाहीत. कोणी किती स्मरणशक्ती आणि किती गणनशक्ती वापरावी याला मर्यादा घालणाऱ्या व्यवस्थेचे काम गूगलमधील पॉल मेनाज आणि रोहित सेठ या अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केले, आणि २००८ मध्ये ती कर्नेलमध्ये समाविष्ट झाली. ही सर्व साधने तज्ज्ञांच्या उपयोगाची होती. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतील सांता क्लारा येथे भरलेल्या पायथॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी काही मिनिटांच्या भाषणात ‘डॉकर’ नावाचे साधन दाखविले. डॉकरने ही जुनी साधने एकत्र बांधली आणि एका सोप्या आज्ञेच्या मागे ठेवली.

मालवाहतुकीच्या पेटीचा इतिहासही असाच आहे. माल्कम मॅकलीन यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज एप्रिल १९५६ मध्ये ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला गेले. परंतु पेटीने जग व्यापले ते तिची मापे आंतरराष्ट्रीय स्तरावर ठरविली गेल्यानंतर. हे प्रमाणीकरण १९६८ पासून प्रसिद्ध होऊ लागले. संगणकीय पेटीची मापे ठरविण्यासाठीही २०१५ मध्ये एक सामाईक मंडळ स्थापन झाले. त्यामुळे एका साधनाने बांधलेली पेटी आज दुसऱ्या साधनाने उघडता येते. डॉकरप्रमाणे ‘पॉडमन’ हे साधनही म्हणूनच वापरता येते.

कृती, साचा आणि पेटी

प्रत्यक्ष कामाकडे वळण्यापूर्वी तीन संज्ञांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. ‘डॉकरफाइल’ ही पाककृतीसारखी लिहिलेली कृती होय. त्या कृतीप्रमाणे तयार झालेला, न बदलणारा साचा म्हणजे ‘इमेज’. त्या साच्यापासून जी चालती वस्तू निर्माण होते ती ‘कंटेनर’. एका साच्यापासून कितीही कंटेनर काढता येतात, आणि कंटेनर मोडला तरी साचा अबाधित राहतो.

ग्रंथालयाच्या संकेतस्थळाची कृती चार-पाच ओळींत मावते. पहिली ओळ सांगते की अपाची हा वेब सर्व्हर आणि पीएचपीची ८.३ ही आवृत्ती असलेल्या तयार साच्यापासून आरंभ करावा. दुसरी सांगते की मायएसक्यूएलशी बोलणारा जोडभाग त्यात बसवावा, कारण मूळ साच्यात तो नसतो. तिसरी ओळ आज्ञावलीच्या फाइली साच्यात ठरलेल्या ठिकाणी ठेवते. प्रत्येक ओळीचा एक थर तयार होतो. एखादी ओळ बदलली तर त्या ओळीपासून पुढचे थर पुन्हा रचले जातात. आधीचे तसेच वापरले जातात. म्हणून क्वचित बदलणाऱ्या गोष्टी वर आणि नेहमी बदलणाऱ्या गोष्टी खाली लिहिण्याचा प्रघात आहे.

संकेतस्थळाला डेटाबेसही हवा. तो त्याच पेटीत कोंबीत नाहीत. त्याला स्वतंत्र पेटी देतात. दोन्ही पेट्यांचे परस्परसंबंध ‘कंपोज’ नावाच्या दुसऱ्या एका फाइलमध्ये लिहिले जातात. या फाइलमध्ये ओळींच्या आरंभी सोडलेल्या रिकाम्या जागेला अर्थ असतो; ती जागा स्पेसनेच सोडावी लागते, टॅबची कळ येथे चालत नाही. फाइलमध्ये मुख्यतः पाच गोष्टी नमूद करावयाच्या असतात.

पहिली, प्रत्येक पेटीचे नाव आणि साचा. डेटाबेससाठी नुसते ‘मायएसक्यूएल’ न लिहिता ‘मायएसक्यूएल ८.४’ असे आवृत्तीसह लिहावे. आवृत्ती न लिहिल्यास ‘लेटेस्ट’ अशी चिठ्ठी लावलेला साचा घेतला जातो. तो आज एक तर पुढील वर्षी दुसराच असू शकतो, आणि जी अनिश्चितता टाळावयाची तीच मागील दाराने परत येते.

दुसरी गोष्ट दाराची. पेटीच्या आत वेब सर्व्हर ८० क्रमांकाच्या दारावर ऐकत असतो. संगणकाचे ८०८० क्रमांकाचे दार पेटीतील ८० व्या दाराशी जोडले म्हणजे ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ आणि पुढे ८०८० लिहून संकेतस्थळ पाहता येते.

तिसरी गोष्ट परस्परांच्या पत्त्याची. नवशिके येथे हमखास अडखळतात. वेब सर्व्हरच्या पेटीतून डेटाबेसला हाक मारताना ‘लोकलहोस्ट’ हा पत्ता दिला, तर ती हाक पेटीतच घुमते. कारण पेटीच्या दृष्टीने लोकलहोस्ट म्हणजे ती स्वतः. कंपोज फाइलमध्ये डेटाबेसच्या पेटीला जे नाव दिले असेल तेच नाव पत्ता म्हणून वापरावयाचे असते.

चौथी गोष्ट क्रमाची. डेटाबेसची पेटी उघडली म्हणजे डेटाबेस लगेच सज्ज झाला असे होत नाही; पहिल्या वेळी त्याला काही अवधी लागतो. त्याची प्रकृती तपासण्याची सूचना फाइलमध्ये लिहून, तो सज्ज झाल्यावरच वेब सर्व्हरने आरंभ करावा असे सांगता येते.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पेटी नष्ट झाली की तिच्यात नव्याने लिहिलेले सारे तिच्याबरोबर जाते. म्हणून डेटाबेसच्या नोंदी पेटीबाहेर, ‘व्हॉल्यूम’ नावाच्या कोठारात ठेवाव्या लागतात. आज्ञावलीच्या फाइली मात्र काम करणाऱ्याच्या नेहमीच्या फोल्डरमधून सरळ पेटीत जोडून देतात. त्यामुळे संपादकात केलेला बदल पेटी पुन्हा न बांधता दिसू लागतो.

एवढे लिहून झाले की ‘डॉकर कंपोज अप’ ही एक आज्ञा पुरते. साचे उतरविले जातात, पेट्या उघडतात आणि संकेतस्थळ सुरू होते. काम संपल्यावर ‘डॉकर कंपोज डाउन’ ही आज्ञा पेट्या मोडते, पण कोठाराला हात लावीत नाही. या आज्ञेपुढे ‘व्ही’ हे चिन्ह जोडल्यास मात्र कोठारही पुसले जाते. दोन आज्ञांत एका अक्षराचाच फरक आहे. महिनाभर भरलेल्या पुस्तकांच्या नोंदी त्या अक्षराने नाहीशा होऊ शकतात. नोंदींची निराळी प्रत ठेवण्याच्या जबाबदारीतून कंटेनर कोणाचीही सुटका करीत नाही.

मर्यादा

पेटीविषयी अवास्तव कल्पना बाळगणे इष्ट नाही. लिनक्सच्या पेटीला लिनक्सचा कर्नेल लागतो. विंडोज किंवा मॅकओएसवर डॉकर चालते तेव्हा पडद्याआड एक लहानसे लिनक्स आभासी यंत्र चालू असते. म्हणजे सदनिका बंगल्यातच बांधलेली असते आणि अपुऱ्या स्मरणशक्तीच्या संगणकाला तो भार जाणवतो. मूळ लिनक्सवर हा भार पडत नाही. तसेच २०२० नंतरच्या ॲपल संगणकांतील प्रक्रियक नेहमीच्या इंटेल प्रक्रियकांहून भिन्न घडणीचे आहेत. एका घडणीसाठी बांधलेला साचा दुसऱ्यावर मंद चालतो किंवा चालतच नाही. साचा दोन्ही घडणींसाठी उपलब्ध आहे की नाही हे पाहून घ्यावे लागते.

दुसरी मर्यादा खर्चाची आहे. साचे अनेकदा शेकडो मेगाबाइटचे असतात. दूरध्वनीच्या मर्यादित डेटावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ते परवडत नाहीत. यावर उपाय आहे. महाविद्यालयातील प्रयोगशाळेत एकदा उतरविलेला साचा ‘सेव्ह’ या आज्ञेने एका फाइलमध्ये बांधता येतो, पेन ड्राइव्हवर घरी नेता येतो आणि ‘लोड’ या आज्ञेने तेथे उघडता येतो. वीस विद्यार्थ्यांसाठी एकच प्रत पुरते.

तिसरी मर्यादा विश्वासाची. तुघलकाबादला सीमाशुल्क अधिकारी पेटी उघडून पाहू शकतात, कारण बाहेरून सर्व पेट्या सारख्याच दिसतात. अनोळखी व्यक्तीने तयार केलेला साचाही बाहेरून इतर साच्यांसारखाच दिसतो. आत काय आहे हे तपासल्यावाचून तो चालविणे धोक्याचे आहे. शक्यतो ज्यांची देखभाल जाहीरपणे केली जाते असेच साचे घ्यावेत आणि वेळोवेळी नव्याने बांधावेत; न बदलणाऱ्या साच्यात राहिलेले जुने दोषही आपोआप बदलत नाहीत. संकेतशब्द कृतीत किंवा कंपोज फाइलमध्ये लिहू नयेत. ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवावेत आणि ती फाइल सामाईक भांडारात पाठवू नये.

लिहून ठेवलेले ज्ञान

या साधनाचे मोल केवळ सोयीत मोजणे योग्य होणार नाही. शासकीय कचेरीत, ग्रंथालयात किंवा शाळेत संकेतस्थळ तयार करणारी व्यक्ती कायम राहत नाही. अधिकाऱ्याची बदली होते, कंत्राटाची मुदत संपते, विद्यार्थी शिक्षण पुरे करून दुसऱ्या गावी जातो. संकेतस्थळ मात्र मागे राहते आणि लोक त्यावर विसंबून असतात. त्याचा परिसर कसा उभारावयाचा हे गेलेल्या व्यक्तीच्या स्मरणातच असेल, तर नव्या व्यक्तीपुढे दोनच मार्ग उरतात. एक, काहीही न बदलता ते जुने होऊ द्यावयाचे. किंवा चालू सर्व्हरवरच थेट बदल करून पाहावयाचे. पहिल्याने संकेतस्थळ हळूहळू निरुपयोगी होते. दुसऱ्याने ते एखाद्या दुपारी एकदम बंद पडते, आणि त्या दिवशी सूची पाहावयास आलेला वाचक परत जातो.

डॉकरफाइल आणि कंपोज फाइल या दोन मजकुराच्या फाइली आहेत. त्या आज्ञावलीबरोबरच साठविल्या जातात, त्यांतील प्रत्येक बदलाची नोंद राहते, आणि कोणालाही त्या वाचता येतात. नव्याने आलेली व्यक्ती पहिल्याच दिवशी आपल्या संगणकावर तोच वेब सर्व्हर, तीच पीएचपी आणि देवनागरी जाणणारा तोच डेटाबेस उभा करू शकते. तेथे चूक झाली तर पेटी मोडावी आणि पुन्हा उघडावी; वाचकाला त्याचा उपद्रव होत नाही.

न्हावा-शेव्याहून निघालेल्या पेटीबरोबर मालाची यादी प्रवास करते. ती यादी नीट असेल तर तुघलकाबादला पेटी उघडणाऱ्याला पाठविणाऱ्याची भेट घ्यावी लागत नाही. ग्रंथालयाच्या संकेतस्थळाची पेटी उघडणाऱ्या उद्याच्या माणसालाही, या दोन फाइली नीट लिहिल्या असतील, तर कालच्या माणसाचा शोध घ्यावा लागणार नाही.